मुदत परत करणारा माणूस

शिंगे वकील हे वकील नव्हते. ही गोष्ट ते भेटेल त्याला स्वतःच सांगत. कोल्हापुरात इन्कमटॅक्सचं काम करणाऱ्या प्रत्येकाला लोक वकील म्हणतात आणि बाकीचे आम्ही सगळे ते खपवून घेतो. ऐकायला बरं वाटतं. शिंगे मात्र माणूस जिन्यात असतानाच दुरुस्ती करत. "वकील हायत काय?" असं खालून कुणी विचारलं की वरून आवाज यायचा, "वकील न्हायत. शिंगे हाय. बी. कॉम. या वर."

लक्ष्मीपुरीत धान्याच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती. खाली मिरचीची पोती उघडली की वर आलेला पक्षकार शिंकत शिंकत उत्पन्न सांगायचा. मी सूतगिरणीतली हिशेबनिसाची नोकरी सोडून त्यांच्याकडे आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, पदरी दोन मुली होत्या. त्यांनी मला समोरचं टेबल दिलं आणि सांगितलं, "विलास, हितं दोनच नेम. टेबलावर च्या सांडायचा न्हाय. आन् अर्जात खोटं लिवायचं न्हाय. च्याचं एकवेळ चालंल." मी त्यांना आण्णा म्हणू लागलो. पुढची चौदा वर्षं मी त्यांच्यासमोर बसलो. या काळात माझ्या हातून चहा बऱ्याचदा सांडला.

अर्ज म्हणजे मुदतीचा अर्ज. जुलैअखेरची जी तारीख सगळ्यांना ठाऊक असते ती एकट्यादुकट्यासाठी वाढत नाही. ती सरकारनं वाढवली तर सगळ्यांची वाढते. पण ज्यानं रिटर्न भरलेलंच नाही, त्याला कचेरीतून नोटीस येते: अमुक दिवसांत भरा. त्या दिवसांत जमत नसेल तर कारण लिहून जादा दिवस मागता येतात. द्यायचे की नाही हे साहेबाच्या हातात. नाही दिले, तर साहेब आपल्या अंदाजानं उत्पन्न धरतो, आणि साहेबाचा अंदाज पक्षकाराच्या अंदाजापेक्षा नेहमी मोठा असतो.

या कारणांचं आमच्या धंद्यात एक दरपत्रक होतं. ताप असेल तर चार दिवस. कावीळ, पंधरा दिवस. घरात मयत, पंधरा ते एकवीस, नातं बघून. गावोगावचे कितीतरी चुलते आम्ही दर वर्षी मारत असू. त्यातले काही दोन-दोनदा गेले.

आण्णांच्या एका गूळवाल्या पक्षकारानं असाच चुलता सांगितला. आण्णा संध्याकाळी सायकलवर टांग मारून सरळ त्याच्या घरी गेले. मीही मागे बसलो होतो. दारात एक म्हातारा न्हाव्यासमोर उकिडवा बसून दाढी करून घेत होता. आण्णांनी नाव विचारलं. नाव जुळलं.

"तुमी वारलाय असं कळलं," आण्णा म्हणाले, "म्हणून आलतो."

"व्हय?" म्हातारा फेसातून म्हणाला. "कवा?"

"गेल्या मंगळवारी."

"मंगळवारी मी हुपरीला गेलतो की," असं म्हणून त्यानं न्हाव्याकडे बघितलं, आणि न्हाव्यानं मान हलवून दुजोरा दिला. मग त्यानं आम्हाला चहा पाजला आणि पुतण्याला शिव्या घातल्या. आण्णांनी दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. त्यांचं इंग्रजी छोट्या छोट्या वाक्यांचं होतं. मराठीत ते असं होईल: पक्षकाराचे चुलते जिवंत आहेत. पक्षकार कागद जुळवायला विसरला. आठ दिवस मिळावेत.

आठ दिवस मिळाले. मयत चुलत्याला पंधरा मिळाले असते.

चंदगडच्या काजूवाल्याच्या अर्जात त्यांनी लिहिलं होतं की पावसानं रस्ता वाहून गेला आहे, एस.टी. पाच दिवस बंद आहे आणि वह्या माळ्यावर टांगल्या आहेत. देण्याआधी त्यांनी स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारलं होतं. वह्यांचं कसं तपासलं, असं मी विचारलं. "त्ये न्हाई तपासलं," ते म्हणाले, आणि अर्जात 'पक्षकार सांगतो की' असे शब्द घातले. एकदा त्यांचं स्वतःचंच रिटर्न एक दिवस उशिरा गेलं. कचेरीतल्या कारकुनानं हसत कारण विचारलं. आण्णा म्हणाले, "आळस." कारकून म्हणाला, "आण्णा, तब्येत लिहू का?" "तब्येत झ्याक हाय. आळस लिवा."

ते मूळचे कोडोलीचे. घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे. खोलीत बुद्धाची एक छोटी तसबीर होती आणि खाली पंचशील. धंद्यातले लोक चेष्टा करत, "शिंगे, तुमच्या पाचातलं ते खोटं न बोलायचं लई कडक हाय राव." आण्णा म्हणत, "बाकीची चार बी हायत. अर्जात दिसत न्हाईत, एवढंच."

एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही अर्धी. ते नवीन होते तेव्हाच्या साहेबानं त्यांच्या प्रत्येक अर्जावर लाल शाईत शेरा मारला: पुरावा जोडावा. बाकीच्यांच्या चुलत्यांना दाखला लागत नव्हता. आण्णांच्या पक्षकाराला ताप आला तरी थर्मामीटरच आणायचा बाकी राहायचा. असं का, ते कुणी बोललं नाही. आण्णाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दर अर्जाला पुरावा जोडला. नऊ वर्षं. साहेब बदलले, आणि एक दिवस अर्ज शेऱ्याशिवाय परत आला. मग पुढचाही. "विलास," ते मला म्हणाले होते, "मी ह्या गावात घर बांधलं त्ये पत्र्याचं. पर माझ्या अर्जाला पुरावा लागत न्हाय, ही माझी माडी."

माझ्या अर्जाला पहिल्या दिवसापासून कधी पुरावा लागला नव्हता. मी पाटील. मला त्यात काही मिळवल्यासारखं वाटलंच नव्हतं.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल सांगतो. मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर, दर वर्षी एक गूळवाला देई. आण्णा नोटिशीची शेवटची तारीख त्यावर लाल पेनानं लिहीत, पण दोन दिवस आधीच्या चौकोनात. अठरा असेल तर सोळात. दोन दिवस हाताशी असावेत म्हणून. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण महिन्याभरात कळलं. मग मी मनातल्या मनात दोन मिळवू लागलो. सोळा दिसले की अठरा. ते दोन दिवस आण्णा स्वतःसाठी राखून ठेवत आणि मी ते खर्च करत असे.

नव्वदीतली गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नुकतीच शेड टाकलेल्या एका फौंड्रीवाल्याला नोटीस आली. रिटर्न भरा, तीस दिवस. आण्णा त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला गेले होते. नोटीस मी घेतली आणि कॅलेंडरवर मीच लिहिली. अठरा तारखेला शेवटचा दिवस होता. मी अठराच्याच चौकोनात लिहिली. मला वजा करायची सवय नव्हती, फक्त मिळवायची होती.

महिनाभर त्या लाल अक्षरांकडे बघून मी वीस म्हणत राहिलो. अठराला सासुरवाडीला जाऊन जेवून आलो. एकोणीसला सकाळी फौंड्रीवाल्याचा फोन: "पाटील, काल लास्ट डेट व्हती न्हवं? भरलं न्हवं का?"

आण्णा पहाटेच्या एस.टी.नं चंदगडला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. ते रिटर्न माझ्याकडेच होतं, आणि अर्धंच झालं होतं. खरं कारण एका वाक्याचं होतं: तारीख मी भिंतीवर लिहिली आणि तिच्यात दोन मिळवले. मी ते कागदावर लिहूनही बघितलं. वेड्यासारखं दिसलं. दोन मुलींचा बाप मी, सूतगिरणीचे हिशेब सांभाळलेला. मला लाज वाटली. एवढंच. पैशाचा मोह नव्हता, कुणाचा दबाव नव्हता. लाज वाटली, म्हणून मी दुसरा कागद घेतला.

आण्णांच्या नावाच्या लेटरहेडवर मी लिहिलं की आमचे श्री. शिंगे यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला असून पंधरा दिवसांची मुदत मिळावी. खाली 'करिता' म्हणून माझी वळणदार सही, जी कुणालाच वाचता येत नाही. ताप लिहिला असता तर चार दिवस मिळाले असते. दरपत्रक मला पाठ होतं.

तेव्हाचे साहेब पिल्ले नावाचे होते. केरळकडचे, कडक, हसताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. अर्ज वाचून ते खुर्चीतून उठले. "शिंगेजी को? कब?" मी म्हणालो, परवा. "कहाँ रखा है?" मी म्हणालो, घरीच. त्यांनी उभ्याउभ्याच पंधरा दिवस लिहिले. शेरा नाही, पुरावा नाही. मुदत तारीख उलटल्यावर मागितली आहे, हेही त्यांनी बघितलं नाही. जिना उतरताना मला फार हलकं वाटलं. ते अजून आठवतं, आणि तेच जास्त खुपतं.

संध्याकाळी काय झालं ते मला नंतर काकूंनी, म्हणजे आण्णांच्या पत्नीनं सांगितलं. आण्णा चंदगडहून आले, चहा घेतला आणि पत्र्यावर चढले. टीव्हीला मुंग्या दिसत होत्या म्हणून ते अँटिना फिरवत होते आणि काकू खालून ओरडत होत्या, "आलं, आलं... गेलं!" एवढ्यात गल्लीत स्कूटर थांबली. पिल्ले साहेब. दोन्ही हातांत एकेक शहाळं.

"शिंगेजी," साहेब वर बघून म्हणाले, "आप ऊपर?"

"अँटिना फिरवतोय साहेब. या की."

"आपको तो हार्ट अटॅक..."

"कुणी सांगितलं?"

"आपका ही अर्ज है।"

काकू म्हणाल्या, आण्णा पत्र्यावर तसेच उभे राहिले, अँटिना हातात धरून, आणि नेमकं तेव्हाच चित्र स्वच्छ आलं. पण ते आलं म्हणून ओरडायचं काकूंना सुचलं नाही. मग आण्णा शिडीनं खाली आले. "साहेब, मला कायबी झाल्यालं न्हाय. अर्ज माझ्या खोलीतनं आलाय, म्हंजे माझाच हाय." कुणी लिहिला, हे त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. शहाळी ओट्यावर ठेवून ते निघून गेले. चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा खोलीवर आले ते पिशवीत एक शहाळं घेऊन. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"पिल्ले साहेबांनी आजाऱ्यासाठी दिलंय," ते म्हणाले. "मी आजारी न्हाय. तू असशील."

मी सगळं सांगितलं. अठरा, वीस, सासुरवाडी. ते ऐकत होते. शिव्या देतील, जा म्हणतील, असं वाटत होतं. मनातून ते व्हावं असंही वाटत होतं. पण मिळवलेल्या दोन दिवसांचं ऐकल्यावर ते उठले आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले.

"म्हंजे ह्ये असं झालं व्हय," ते म्हणाले. "साऱ्या जगाला खरं लिवा म्हणून सांगतोय, आन् भिंतीवर वर्सान् वर्सं खोट्या तारखा मीच लिवत आलोय."

"आण्णा, तसं नाही. चूक माझी..."

"तुझी हायच की. तुझी कुठं गेली? पर भिंत माझी हाय."

मग त्यांनी पेन घेतलं आणि त्या वर्षाच्या उरलेल्या सगळ्या तारखा खोडून खऱ्या चौकोनात लिहिल्या. डिसेंबरपर्यंत. मला वाचून दाखवायला लावल्या. त्यानंतर आम्ही दोघांनी ते फौंड्रीचं रिटर्न दुपारपर्यंत पुरं केलं आणि सोबत आण्णांनी स्वतःच्या सहीनं एक अर्ज जोडला: कालच्या अर्जातलं कारण खोटं होतं. दिलेली मुदत परत करत आहोत. रिटर्न सोबत आहे. मुदत मागणारे मी हजार बघितलेत. मिळालेली मुदत परत करणारा दुसरा बघितला नाही.

"तारीख वाचताना चूक झाली, एवढं तरी घाला," मी म्हणालो.

"त्ये कारण मागायच्या वक्ताला लिवायचं असतंय. परत करताना कशाला?"

मी म्हणालो, मी स्वतः जाऊन साहेबांना सांगतो. आण्णा म्हणाले, "जा की." मी म्हणालो, उद्या जातो. ते "बरं" म्हणाले.

पुढच्या महिन्यात आण्णांनी एका शिक्षकासाठी आठ दिवस मागितले. बायकोचं बाळंतपण होतं. अर्ज परत आला. लाल शाई: पुरावा जोडावा. आण्णांनी तो वाचला, घडी घातली आणि सायकल काढून दवाखान्यात दाखला आणायला गेले. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार होतो. पण ते खोटं आहे. बघितलं नाही तेच मला बरं वाटलं.

पिल्ले साहेबांची दोन वर्षांनी बदली झाली. त्या दोन वर्षांत मी कचेरीत त्यांच्या दारासमोरून आठवड्यातून तीनदा जात होतो. उद्या कधी आला नाही. धंद्यात मात्र गोष्ट पसरली, कारण अँटिना गल्लीनं बघितला होता. 'शिंग्यांचा हार्ट अटॅक' हा आमच्याकडे वाक्प्रचारच झाला. कुणी चांगला धडधाकट माणूस गैरहजर राहिला की म्हणायचे, पत्र्यावर गेलाय. आण्णांसमोरही म्हणत. आण्णा मान हलवत. कुणीही नवीन साहेब आला की जुनी फाइल चाळे आणि शेरा चालू राही. आण्णा परत दर अर्जाला दाखला जोडू लागले, नव्यानं लागल्यासारखे. शहाळं चार दिवस माझ्या टेबलावर होतं. मी प्यालो नाही, टाकलंही नाही. शेवटी खालच्या दुकानातल्या हमालानं मागून नेलं.

दोन हजारनंतरच्या एका पावसाळ्यात आण्णांना खरोखरच झटका आला. खोलीत, खुर्चीत, त्याच फौंड्रीवाल्याचा ताळेबंद करताना. त्याला पुन्हा नोटीस होती. अर्धं काम आण्णांच्या बारीक आकड्यांत अडकलं होतं. मी अर्ज लिहिला: श्री. शिंगे सीरियसली इल आहेत, पंधरा दिवस मिळावेत. या वेळी एकही अक्षर खोटं नव्हतं.

आता तिथं एक तरुण मॅडम होत्या, टेबलावर कॉम्प्युटर. त्यांनी फाइल मागवली. पानं उलटता उलटता त्या थांबल्या, वाचलं, आणि हसू आवरत म्हणाल्या, "पाटीलसाहेब, तुमच्या सिनियरना याच फाइलमध्ये झटका येतो का?"

मी काही बोललो नाही. तेव्हाही नाही. खरं सांगायला तिथं दोन वाक्यं पुरली असती.

"पेशंटची सही आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा," त्या म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं.

दवाखान्यात आण्णा उशीला टेकून बसले होते. हाताला सलाईन. मी अर्ज पुढे केला. त्यांनी चष्मा मागितला, दोनदा वाचला, पेन मागितलं.

"सीरियसली कोण म्हणालं?"

"आण्णा, आयसीयूतून कालच बाहेर आलाय तुम्ही."

"डाक्टर म्हणला काय? माझ्यासमोर म्हणला न्हाय." त्यांनी तो शब्द खोडला. 'इल' ठेवला. मग पंधराचे सात केले. "खऱ्या कारणाला सात दिस पुरत्यात." आणि सही केली. सही थोडी हलली, पण वाचता येत होती.

मॅडमनी सात दिवस दिले. आण्णांना चार मिळाले. त्यांच्या सहीनं एकच खोटी गोष्ट सरकारदरबारी आहे, ती म्हणजे 'सीरियसली'वर मारलेली ती काट.

शोकसभेत आमच्यातल्या एका ज्येष्ठानं भाषण केलं. शिंगे किती सरळ, आणि आयुष्यात एकदाच कसे घसरले, ते त्यानं प्रेमानं रंगवून सांगितलं: पत्रा, अँटिना, शहाळी. सगळे हसले. काकू पहिल्या रांगेत खाली बघत बसल्या होत्या. मीही हसलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, ती त्या हसण्यामुळं. तर तो अर्ज मी लिहिला होता. विलास पाटील, करिता.

पण त्या दिवशी दवाखान्यात सही झाल्यावरचं राहिलं. मी जाताना बाहेरच्या गाडीवरून एक शहाळं नेलं होतं. का नेलं, सांगता येणार नाही. अर्जाच्या गडबडीत ते पिशवीतच राहिलं होतं. मी ते काढून स्टुलावर ठेवलं आणि म्हणालो, "आण्णा, पिल्ले साहेबांना मी कधी सांगितलं नाही."

"ठावं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी शहाळ्याकडे बघितलं. बरंच बघितलं, कागद तपासावा तसं. "आता चालतंय की," ते म्हणाले आणि सलाईन नसलेला हात पुढे केला.

मी नळी घालून दिली. ते सावकाश प्याले. मी अर्ज घेऊन दारापर्यंत गेलो, वळून बघितलं, तर त्यांनी डोळे मिटले होते आणि तळाशी उरलेलं पाणी आवाज करत ओढत होते, शेवटच्या थेंबापर्यंत, हक्कानं.